शेजाऱ्यावर प्रीती : वचनाचा राहून गेलेला अर्धा भाग



‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन मूळ कोणाचे, असे विचारले तर आपल्यातलेही कित्येकजण ते ख्रिस्ती लोकांचे म्हणून सांगतात. नवल नाही. आपले पुष्कळ वाडवडील मिशनऱ्यांच्या शाळांत शिकले. जॉन विल्सन साहेबांनी तर १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हे उपकार विसरू नयेत. परंतु वचन तोरातले आहे. वायिक्रा, अध्याय १९, पासूक १८. परशा केदोशिममध्ये आपण ते दरवर्षी ऐकतो. येशूनेही ते तेथूनच घेतले. रब्बी अकिवांनी याला तोरातले थोर तत्त्व म्हटले.

‘वचन आमचे’ एवढे सिद्ध झाले की आपण खूश होतो आणि तेथेच थांबतो. पण हिब्रूत हे शब्द ‘आणि’ने सुरू होतात. म्हणजे हे वाक्याचे शेपूट झाले. आधीचा भाग काय? त्याच पासूकात आज्ञा आहे की आपल्या लोकांवर सूड उगवू नये आणि मनात अढी धरू नये.

सूड व अढी यांतला फरक तलमूदात, योमा या भागात, सांगितला आहे. एकाने शेजाऱ्याकडे विळा मागितला, मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी याच्याकडे कुऱ्हाड मागायला आला. ‘तू विळा दिला नाहीस, मीही देत नाही’ असे म्हटले तर तो सूड, नेकामा. ‘घे बाबा, मी काही तुझ्यासारखा नाही’ असे म्हणून दिली, तर ती अढी, नेतिरा. कुऱ्हाड दिली, तरी आज्ञा मोडलीच!

आता विळा-कुऱ्हाड आपल्या घरात नाही. मेंदीचे आमंत्रण आहे. त्यांनी आपल्याला बोलावले नाही, म्हणून आपण त्यांना बोलवायचे नाही. वर्षानुवर्षे दोन घरे एका सिनेगॉगात तेफिल्ला करतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. आदल्या पासूकात उपाय दिला आहे : भावाचा द्वेष मनात ठेवू नकोस, त्याला तोंडावर सांग. तेवढे मात्र आपल्याच्याने होत नाही.

दुसऱ्यांचे कशाला? एका नातलगाने माझ्या मुलीच्या लग्नाला येण्याचे टाळले होते. पुढे त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेलो, आहेर हातात ठेवला आणि चारचौघांत म्हणालो, “बघा, आम्ही आलो हो!” तेव्हा मला मोठा धर्म केल्यासारखे वाटले. त्याने मान खाली घातली. तो का आला नव्हता, हे मी त्याला कधी विचारलेच नाही. येत्या शब्बाथनंतर त्याच्या घरी जाणार आहे.