पोट कुणाचं?

लातूरच्या माझ्या मावसभावाला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही नांदेडहून समाचाराला गेलो. समाचार म्हणजे काय, दहा जणांनी खाटेभोवती बसून आजाऱ्याची उलटतपासणी घ्यायची. "काहून खातोस बाबा बाहेरचं?" मावशीने सुरुवात केली. मग गंजगोलाईत त्याने दहा वर्षांत खाल्लेल्या भज्यांचा हिशेब निघाला. डोकं दुखलं तर माणूस आजारी. पोट दुखलं तर गुन्हेगार, असा आपल्याकडचा कायदाच आहे. "ताक पीत जा रे," म्हणून मीही न्यायदानाला हातभार लावला. तो बिचारा दिवसातून दहादा शौचाला धावत होता, रक्तही पडत होतं. परत आला की खटला पुढे चालू.

येताना एस.टी.त डॉक्टर भाच्याने माझी शिकवणी घेतली. माणसाच्या अंगात पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जंतू सुमारे ३८ लाख कोटी, असा २०१६ सालचा अंदाज आहे. बहुतेक जंतू मोठ्या आतड्यात. म्हणजे ज्याला मी जन्मभर 'माझं पोट' म्हणत आलो, तिथे बहुमत त्यांचं! बरं, मंडळी फुकट राहत नाहीत. ज्वारीच्या भाकरीतला जो कोंडा आपल्याला पचत नाही, तो आंबवून ते ब्यूटिरेट नावाचा पदार्थ करतात. आतड्याच्या अस्तराचं तेच मुख्य अन्न. इतकं चोख भाडं देणारा भाडेकरू मला वजिराबादेत अजून मिळालेला नाही.

या आजारात शरीराचं संरक्षक दल या जुन्या भाडेकरूंवरच तुटून पडतं आणि त्या मारामारीत घराच्या भिंती सोलून निघतात. वस्तीतले भले जंतूही कमी होतात. आधी वस्ती बिघडली की आधी लाठी चालली, हे शास्त्रज्ञांनाही अजून नक्की उलगडलेलं नाही. शिवाय आनुवंशिकता आहेच. एवढे आरोपी असताना आम्ही फाशी दिली ती भज्यांना!

मला एकदम अवघडल्यासारखं झालं. त्याचा दोष त्याचा नसेल, तर साठीतही मला दगड पचतात याचं श्रेय मी इतकी वर्षं माझ्या संयमाला देत आलो, त्याचं काय?

घरी पोचताच फोन केला. म्हटलं, "गोळ्या सोडू नकोस. आणि ते ताकाचं मी मागे घेतो."

"उशीर झाला, दादा," तो म्हणाला. "आईने तांब्याभर पाजलं."