एकट्यांच्या शहरात दोघं

मुंबईला दोन दिवस नुसतं खायला आणि भटकायला जायचं ठरलं की आधी यादी होते. कयानीचा ब्रून मस्का, माटुंग्याचं केळीच्या पानावरचं जेवण, दादरचा बटाटावडा, भेंडी बाजारातली नल्ली निहारी. आमचीही अशीच झाली. ती घेऊन नवऱ्याबरोबर फिरताना एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. या यादीतली बहुतेक ठिकाणं जोडप्यांसाठी निघालेलीच नव्हती. ती निघाली बायकामुलं गावी ठेवून आलेल्या पुरुषांसाठी. मुंबईत बाहेर मिळणाऱ्या खाण्याची एवढी कीर्ती आहे, ती ताटातुटीतून आलेली आहे.

ही ताटातूट गिरण्यांपासून सुरू होते. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं काम हाती घेतलं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरीहून बोटीने आणि साताऱ्याहून घाट उतरून माणसं आली, ती बहुतेक एकटीच. पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं जमत नव्हतं, आणि गावच्या शेताला कुणीतरी हवंच होतं. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. 1911 आणि 1921 च्या जनगणनांत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे साडेपाचशेही बायका नव्हत्या. हा आकडा मला कुठल्याही पाककृतीपेक्षा मोलाचा वाटतो. ज्या शहरात निम्म्या पुरुषांना घरी भाकरी थापणारं कुणी नाही, त्या शहरात खाण्याचा धंदा कसा उभा राहील, याचं उत्तर त्यातच आहे. तो स्वस्त असेल, पहाटे उघडेल, रात्री उशिरा मिटेल, आणि ताट एका माणसाचं असेल.

त्यातली सगळ्यात जुनी सोय म्हणजे खानावळ. चाळीतली एखादी बाई आपल्याच खोलीत वीस-पंचवीस गड्यांचं दोन वेळचं रांधायची. पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. पगार नसला तर उधारी, आणि संपाच्या काळात तर नुसतीच उधारी. गिरणी कामगारांच्या लढ्यांविषयी बोलताना पुढाऱ्यांची नावं येतात, पण संपात ज्यांच्या चुली पेटत राहिल्या त्या बायकांची येत नाहीत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एरवी बँकेच्या दारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं, त्या बायका त्यामुळे कर्ज घेऊ लागल्या. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा कणा मोडला आणि गिरण्यांबरोबर कितीतरी खानावळीही गेल्या. खाण्यासाठी मुंबईत येणाऱ्याने लालबाग-परळला एक चक्कर मारावी, ती यासाठी. पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. भोंगा थांबला आहे आणि गिरणीच्या जागी उंच काचेच्या इमारती आहेत. तरी माझ्या मते या शहराच्या खाण्याची सुरुवात इथे झाली, फोर्टात नाही.

फोर्टाकडे जाताना धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत लागते. तळमजल्यावर 1904 पासून कयानी हे इराणी हॉटेल आहे. लोक कयानीत शिरतात आणि परत जातात, वर मान करून बघत नाहीत. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांच्या कूडी आहेत. कूड म्हणजे एखाद्या गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेली सामाईक जागा. भिंतीशी वेदी, ओळीने मांडलेल्या ट्रंका, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली रोझरी. बोटीवर नोकरी धरलेले खलाशी बोट लागेपर्यंत इथे राहायचे. खाली इराणी, वर कूड, हा शेजार मला फार बोलका वाटतो. इराणी हॉटेलंही एकट्यांसाठीच. इराणातल्या याझ्द आणि किरमानकडून आलेल्या माणसांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाळे धरले आणि ज्याला घर नाही त्याला सकाळी सहाला चहा, पाव आणि बसायला खुर्ची दिली. बरोबर साबण, ब्लेड, काडेपेटीही विकायला ठेवली. एकट्या माणसाला पहाटे जे जे लागतं ते सगळं एका दारात.

ब्रून मस्का हा पदार्थ नीट पाहावा. ब्रून पावाचं कवच इतकं कडक की सुरी ओढताना करकर आवाज येतो आणि टेबलाच्या संगमरवरावर चुरा सांडतो. आत मात्र मऊ, किंचित ओलसर. मधे लोणी कडेपर्यंत फासलेलं. तो कोरडा खायचाच नसतो. चहात बुडवला की कवच मऊ पडतं, लोणी सुटतं आणि चहावर त्याचे सोनेरी ठिपके तरंगतात. शेवटचा घोट खारट-गोड लागतो. यात भाजी नाही, ताटली धुण्याचा फारसा व्याप नाही, आणि पोटाला चार तास आधार आहे. पाळीवर निघालेल्या माणसाची ही न्याहारी. आम्ही दोघं ती तासभर खात बसलो, कारण आम्हाला कुठे जायचंच नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ तेच सात-आठ मिनिटांत संपवून उठले. त्यांच्या खाण्याचा वेग त्या पदार्थाचा वेग होता.

माटुंग्याचं जेवणही एकट्यांसाठीच निघालेलं. रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या दक्षिणेकडच्या कारकुनांची वस्ती तिथे झाली आणि त्यांच्या पाठोपाठ बोर्डिंगं आली. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून माटुंगा स्टेशनच्या दाराशी आहे. पानावर भात, त्यावर सांबार, मग रसम, मग ताक, आणि वाढपी न विचारता परत वाढतो. अशाच एका जेवणघरात मी म्हटलं, आम्हाला एकच थाळी पुरेल, दोघांत खाऊ. वाढपी नम्रपणे म्हणाला, "नाही ताई, दोघांत एक चालणार नाही." नवऱ्याला ते जरा लागलं. मला वाटतं, त्या उत्तरात या धंद्याचा सगळा हिशेब आहे. पोटभर वाढायचं तर पान माणशी एक, हे ठरलेलंच असायला हवं. जोडीने खाणं, एकमेकांच्या ताटातलं चाखणं या हिशेबात कधी नव्हतंच.

वडापावाबद्दल वेगळं सांगायला नको. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला काढला असं सांगितलं जातं. एका हातात मावेल आणि गाडी पकडता पकडता संपेल असा तो आहे. दुसऱ्या हातात डब्याची पिशवी.

मग या शहरात जोडपी कुठे बसायची? जुन्या इराण्यांत आणि उडुप्यांत मागच्या बाजूला किंवा माळ्यावर 'फॅमिली रूम' असायची. लाकडी फळ्यांचे कप्पे, अर्धा पडदा, आत दोन बाकं. खालचा सगळा दिवाणखाना पुरुषांचा आणि बाई बरोबर असेल तर वर जा, अशी ती रचना. आज ती अपमानास्पद वाटेल, आणि काही अंशी होतीही. पण चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, पाहुणे असा संसार करणाऱ्या नवराबायकोला दोन कप चहाच्या किमतीत अर्धा तास एकांत मिळत होता, हेही खरं. मला त्या पडद्याविषयी राग कमी आणि माया जास्त वाटते. शहराने बायकांसाठी जागा केली ती आधी अशी, कोपऱ्यात. आज माटुंग्याला रविवारी सकाळी रांगेत उभ्या असलेल्यांत निम्म्या बायका असतात आणि त्यांना कुणी वर पाठवत नाही. तिथवर यायला बराच काळ लागला.

1890 मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेली डब्यांची सेवाही याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. डबा त्याचा यायचा ज्याचं बिऱ्हाड मुंबईत होतं. ज्याचं नव्हतं तो खानावळीत. कचेरीत दुपारी डबा उघडणारा आणि शेजारी पावभाजीचे पैसे मोजणारा, या दोघांत फरक नुसत्या पगाराचा नव्हे, बायको जवळ असण्या-नसण्याचा असे.

आता गिरण्यांतले गडी नाहीत, पण एकटी माणसं आहेतच. साकीनाक्याला, धारावीत, गोवंडीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाहून आलेली मुलं शिवणाच्या, जरीच्या, चामड्याच्या कारखान्यांत काम करतात आणि कारखान्याशेजारच्या मेसमध्ये जेवतात. पत्र्याखाली लांब बाकं, मोठ्या पातेल्यात डाळ, ताटात भात आधी आणि पोळ्या नंतर. त्या जागा कुठल्याही जोडप्याच्या यादीत नाहीत. आम्ही अशाच एका ठिकाणी जेवलो. साधी अंडाकरी आणि भात होता, आणि ती करणारी बाई आम्हाला पुन्हा पुन्हा वाढत होती. दोन दिवसांत जे जे खाल्लं त्यात हे मला सगळ्यात खरं जेवण वाटलं, कारण ते अजून कामावर आहे. जायचं असेल तर अडीचनंतर जा. दुपारच्या सुट्टीत तिथली बाकं ज्यांची आहेत त्यांना लागतात.