इन्शुरन्स भरलाय की!

पिऊन चालवलेली गाडी दुभाजकावर चढल्याचा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, पुन्हा सांगत बसत नाही. त्या गाडीच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' होताच. (या स्टिकरवर माझा जुना राग आहे. आईला यात ओढू नका.)

मला चीड आली ती मालकाच्या तक्रारीची. दोनच पेग झाले होते, रस्ता मोकळा होता, हे सगळं सोडून देऊ. पण 'दरवर्षी इन्शुरन्स भरतो, झिरो डेपसुद्धा घेतलंय, मग क्लेम का नाकारता?' अहो, गणपतीची वर्गणी भरली म्हणून मांडवात धिंगाणा घालायची पावती मिळते का? पॉलिसी साहेबांच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात असणार, सर्व्हिसिंगच्या बिलांखाली. चालवणारा दारूच्या अमलाखाली असेल तर गाडीचं नुकसान भरून मिळणार नाही, असं त्यात साफ लिहिलेलं असतं. मग तो स्वतः मालक असो, की मालकाने माहीत असून किल्ली दिलेला मेहुणा. साहेब मात्र पावती दाखवतात. जणू प्रीमियमसोबत दुभाजकही विकत घेतला!

'पण गुन्हा कुठे सिद्ध झालाय?' २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे फुटपाथवर आदळून जळाली. श्वासाची चाचणी नाही, रक्ताची नाही. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचा नकार मान्य केला. तोंडाचा वास आणि अपघाताची एकूण तऱ्हा पुरेशी ठरली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चं माप फौजदारी गुन्ह्यासाठी. क्लेम नाकारायला त्या कलमाखालची शिक्षा लागतेच असं नाही.

गाडीखाली आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे पैसे बुडू नयेत म्हणून न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे बिल अखेर साहेबांच्याच दारात. योग्यच आहे. नाहीतर त्यांच्या ग्लासाचा खर्च तुमच्या-माझ्या प्रीमियममधून निघायचा.

या धाकाने कुणी ग्लास खाली ठेवेल? मला तरी वाटत नाही. तेव्हा बसायचंच असेल तर बसा, पण किल्ली घरी ठेवून जा. रात्रीचा रिक्षावाला दीडपट घेईल, घेऊ दे.