नववे माणूस

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांना घर बांधणाऱ्याची दमछाक चांगली ठाऊक असली पाहिजे. वीट, चुना, सागवान, गवंड्याची मर्जी आणि सावकाराची वही एवढ्यांतून पार पडल्यावर माणूस स्वतःच्या उंबरठ्यावर उभा राही. गायकवाडांच्या मागोमाग दक्षिणेतून बडोद्यास आलेल्या आपल्या कुटुंबांनी रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत वाडे उभे केले, तेही असेच. एका पिढीने जोते घातले, दुसरीने माडी चढवली. आमचा रावपुऱ्यातील वाडाही तसाच वाढत गेला आणि १९९६ मध्ये पाडला गेला. आज तेथे पाच मजल्यांची इमारत आहे व तिच्यातील एक सदनिका आमची आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीने तो वाडा पुन्हा बांधला, आणि तोही अवघ्या तीन दिवसांत, संगणकाच्या पडद्यावर. 'द सिम्स' नावाच्या खेळात घर बांधावयाचे, ते सजवावयाचे आणि त्यात माणसे नांदवावयाची असतात. पैसा संपला तर एक ठरावीक शब्द टंकित करताच पन्नास हजारांची भर पडते. तेव्हा सावकाराचा प्रश्नच उरत नाही. भिंत नको झाली की ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. हा खेळ २००० साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते विल राइट यांचे कॅलिफोर्नियातील घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळून गेले होते. नव्याने संसार मांडताना आपल्याला खरोखर कोणत्या वस्तू लागतात, हा विचार त्यांना करावा लागला आणि त्यातून या खेळाच्या कल्पनेला रूप आले. विशेष म्हणजे, मूळ योजनेत हा घर रचण्याचाच खेळ होता. पडद्यावरची चिमुकली माणसे केवळ घराची परीक्षा करण्यासाठी आणली गेली. घर चांगले की वाईट, हे त्यात राहणाऱ्याच्या भुकेवरून, झोपेवरून आणि समाधानावरून ठरावयाचे होते.

नातीने वाडा पाहिलेला नाही. मी सांगत गेलो व ती बांधत गेली. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, माडीवरचा दिवाणखाना, मागील दारी विहीर. आवाज न चढवता, न रडता, इतक्या वर्षांनी मी त्या घरातून हिंडत होतो. मला फार बरे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

मग ती म्हणाली, ''आजोबा, आता माणसे सांगा.'' मी सांगू लागलो. माझे आजोबा, आजी, थोरले काका, काकू, वडील, आई, मी, धाकटी बहीण. ''झाले,'' ती म्हणाली, ''एका घरात आठच माणसे राहू शकतात.'' मी म्हणालो, ''अगं, पण अक्का राहिल्या!''

अक्का म्हणजे माझ्या आजोबांच्या भगिनी. सोळाव्या वर्षी वैधव्य येऊन माहेरी परतल्या आणि पुढील पन्नासहून अधिक वर्षे त्या वाड्यातच राहिल्या. पहाटे सर्वांआधी उठून बंब पेटवणाऱ्या त्याच. आम्हा दोघा भावंडांना न्हाऊमाखू घालणाऱ्याही त्याच. मी त्यांना विसरलो नव्हतो. त्यांचे नाव मी घेणारच होतो. पण ते नववे होते. तो क्रम मी विचारपूर्वक लावलेला नव्हता. घरानेच तो माझ्या मनात लावून ठेवला होता.

नातीने सहज विचारले, ''त्यांची खोली कोणती?'' एवढ्या हौसेने सांगितलेल्या त्या सगळ्या नकाशात त्यांची खोली नव्हती. त्यांची ट्रंक जिन्याखाली असे आणि अंथरूण स्वयंपाकघर व विहीर यांमधल्या पडवीत पडे. थंडीत त्या कोठे निजत, हे मला आठवेना. किंबहुना ते मला कधी ठाऊकच नसावे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. घराचे मूल्य कोणी ठरवावे? बांधणाऱ्याने, पाहणाऱ्याने, की राहणाऱ्याने? आणि राहणाऱ्यांपैकी नेमके कोणी?

बांधणाऱ्याची बाजू आपल्या शहराला चांगली परिचित आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा. १८८१ मध्ये ते निवर्तले व रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेऊन १८९० मध्ये पुरे केले. आपले गणित चुकले, वास्तू कोसळेल, या धास्तीने मांट यांनी प्राण सोडला अशी आख्यायिका बडोद्यात सांगितली जाते. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण लोकांना ती सांगावीशी वाटते, याला अर्थ आहे. ज्याच्या छपराखाली इतर माणसे निजणार, त्याला झोप न लागणे स्वाभाविक आहे, असे आपल्याला मनोमन वाटते. पडद्यावरचे छप्पर कोणाच्या अंगावर कोसळत नाही. म्हणून तेथील स्थपती निर्धास्त असतो. तो सर्वांच्या भिंती हटवून आत पाहतो आणि त्याला 'नको' म्हणणारा कोणीही नसतो.

परंतु वाड्यातील कर्त्या पुरुषाला तरी 'नको' कोण म्हणत होते? खेळातील दमलेल्या माणसाला बिछाना मिळाला नाही तर ते जमिनीवर कोसळते आणि खेळणाऱ्याला ते दिसते. अक्का कोसळल्या नाहीत, म्हणून कोणाला काही दिसले नाही. त्यांनी तक्रार केली नाही, हे आमच्या घरी त्यांचा मोठेपणा म्हणून सांगितले जाई. तो मोठेपणा होताच. पण त्या सोशिकतेचा लाभ आम्ही घेत होतो, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. आजच्या मापाने काल मोजू नये. हा आक्षेप वजनदार आहे. त्या काळी स्वतंत्र खोली आजोबांनाही नव्हती. सर्वांचीच अंथरुणे रात्री पडत व सकाळी गुंडाळली जात. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, जागा सर्वांनाच अपुरी होती, पण कमी पडली की ती नेहमी एकाच माणसाला कमी पडे. पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. हिशेब मांडावयाचा आहे तो माझ्या आठवणीचा. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा सुदैवाने टिकला आहे. तेथील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे पाहून आपण धन्य होतो. पण त्या भिंती सारवणारे हात रात्री कोठे विसावत, हे चित्रे सांगत नाहीत. हरवलेल्या घराविषयीचा आपला शोकही असाच असतो. तो वास्तू जशीच्या तशी उभी करतो व माणसे सोयीने वगळतो. रिकामे घर नेहमीच सुंदर दिसते.

नातीने तोडगा काढला. तिने मला वगळून अक्कांना घेतले. ''तुम्ही तर इथेच आहात,'' ती म्हणाली. माडीवरील दिवाणखान्याची पूर्वेकडील बाजू तिने भिंत घालून वेगळी केली आणि तेथे अक्कांचा पलंग मांडला. मला भरून आले. पण याला न्याय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गेलेल्या माणसाला खोली देता येत नाही, आणि अशी खोली देऊन आपले मन हलके करून घेणे हीदेखील एक प्रकारची भातुकलीच.

मात्र जिवंत घराचा नकाशा अजून आपल्या हाती आहे. आमच्या सदनिकेत एक बाई सकाळी आठपासून सायंकाळपर्यंत काम करतात. गेली सहा वर्षे त्या येत आहेत. दुपारी दोन ते तीन त्यांना विसावा असतो. त्या वेळात त्या कोठे टेकतात, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी विचारले. त्या संकोचून म्हणाल्या, ''जिन्यात, पायरीवर.''