लिस्बनच्या दप्तरी तू अजून अविवाहित आहेस

बस. फोन खिशात टाक. व्हिसाच्या एजंटाचा मेसेज तासाभराने वाचलास तरी आभाळ कोसळणार नाही. इतकी वर्षं त्याच्या मेसेजवर काय हललं?

मला एवढंच सांग, लग्न कधी झालं? २०२२ मध्ये. पेडण्याच्या निबंधकासमोर पहिली सही झाली, दुसरी सही झाली. दोन्ही घरची माणसं आनंदात होती. मग तू इंग्लंडला, स्विंडनला परत गेलास आणि सूनबाई कुडाळला. आजही ती कुडाळलाच आहे. कारण विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर, "सर, सिस्टीमच तशी आहे." कुठली सिस्टीम? तिचा एक तरी नियम मूळ पानावर जाऊन वाचलास का?

वर्गात भूमिती चालू असताना तू मला अडवायचास. "सर, ही पायरी कुठून आली?" बाकीची मुलं नुसती उतरवून घ्यायची, तू नाही. म्हणून तर चीड येते. ज्याला कळत नाही त्याला मी समजावून सांगेन. तुला कळतं. तुला वाचायचं नाही.

तुझा पहिला भ्रम हा की पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला म्हणजे बायकोचा प्रश्न सुटला. कोणी सांगितलं? तुझ्या आधी गेलेल्या पोरांनी. त्यांचं खरं होतं, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघाच्या नियमांनी चालत होतं. ते ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. त्या तारखेपर्यंत ज्यांचं लग्न झालेलं होतं त्यांच्या बायकांना युरोपियनांसाठीच्या जुन्या योजनेतून, एक पौंड फी न भरता, नवऱ्याकडे जाता येतं. तुमचं लग्न नंतरचं. साखरपुडा आधी झाला होता, कोरोनाने लग्न लांबलं, हे मला मान्य. त्यात तुझा दोष नाही. पण साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, हे समजायला एजंट कशाला हवा होता? तिथल्या सरकारी संकेतस्थळावर सोप्या इंग्रजीत सगळं लिहिलेलं आहे. वाचलं असतंस तर लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं की आता आपल्याला इतरांसारखाच जोडीदाराचा व्हिसा काढावा लागणार.

आणि तेव्हा तो तुझ्या आवाक्यात होता! तेव्हा उत्पन्नाची अट होती वर्षाला १८,६०० पौंड. २०२३ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १०.४२ पौंड. आठवड्याचे चाळीस तास धर, बावन्न आठवडे धर. किती झाले? एकवीस हजारांच्या वर. तू पात्र होतास. गोदामात पेट्या उचलून पात्र होतास. नुसता अर्ज करायचा होता.

४ डिसेंबर २०२३ ला तिथल्या गृहमंत्र्यांनी भर संसदेत सांगितलं की ही अट वाढणार. नवी अट लागू झाली ११ एप्रिल २०२४ ला, २९,००० पौंडांची. मध्ये चार महिने होते. त्या मुदतीत ज्यांनी अर्ज टाकले त्यांना जुनीच अट लागू राहिली. तू काय करत होतास? "एजंट बघतोय." एजंटाला घाई कशाची असणार? तो रोज रात्री स्वतःच्या घरी जेवतो. थांबायचं होतं ते तिला.

बरं, आता तरी हिशेब केलास? २०२५ च्या किमान वेतनाने, म्हणजे १२.२१ पौंडांनी, आठवड्याला सेहेचाळीस तास भरले की २९,००० पार होतात. ओव्हरटाईम तू करतोसच. पण निम्मा ओव्हरटाईम रोखीने घेतोस, पगाराच्या चिठ्ठीवर नाही. जो पैसा चिठ्ठीवर नाही आणि बँकेत नाही, तो या अर्जात नाही. शिवाय एकाच मालकाकडचे सलग सहा महिन्यांचे पगार दाखवता आले तर काम सरळ होतं, नाहीतर वर्षभराचे कागद जोडत बसावं लागतं. आणि तू? तासामागे वीस पेन्स जास्त मिळतात म्हणून दर चार महिन्यांनी एजन्सी बदलतोस. वीस पेन्ससाठी बायकोचा व्हिसा लांबवतोयस, हे एकदा तरी तुझ्या डोक्यात आलं का? एका घरात सहा पोरं राहता, ती जागाही चालणार नाही. नवरा-बायकोला पुरेशी जागा असल्याचा पुरावा लागतो. तिची प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षा लागते. आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आणि तो सगळा आगाऊ. यासाठी पैसे बाजूला ठेवलेत? नाही. नवी मोटार मात्र घेतलीस. फोटो पाहिला मी.

आणि तो "व्हिजिट व्हिसावर बोलावतो, मग तिथेच बघू" हा बेत आजच्या आज डोक्यातून काढ. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला तिथे राहून जोडीदाराच्या व्हिसावर बदलून घेता येत नाही. तिला परत यावं लागेल. मुदत उलटून राहिली तर तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर दिसेल. नाव तिचं खराब होईल, तुझं नाही. अक्कल तुझी आणि शिक्षा तिला?

ब्रिटन नको असेल तर दुसरी वाट आहे. युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश आहे. संघाचा नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात कामाला गेला, तर त्याची बायको कुठल्याही देशाची असो, तिला त्याच्यासोबत राहण्याचा हक्क मिळतो. व्हिसा फुकट, तोही लवकर द्यायचा. उत्पन्नाचा २९,००० सारखा ठोक आकडा नाही, खरंखुरं काम हवं. आयर्लंड त्या संघात आहे. तिथे इंग्रजी चालतं आणि गोदामंही आहेत. आणि हा हक्क किती पक्का आहे ते बघ. सुरिंदर सिंग नावाच्या एका भारतीय नवऱ्याचा खटला युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयात गेला होता. त्याची ब्रिटिश बायको त्याच्यासह जर्मनीत काम करून मायदेशी परतली. न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं की परततानाही ती त्याला या हक्काने सोबत आणू शकते. आज तिकडचे वकील त्या वाटेला त्याच्याच नावाने ओळखतात. तुझ्या हातात पासपोर्ट त्याच संघाचा आहे. तू या वाटेचं नाव तरी ऐकलं होतंस का?

आता तुझा आवडता भ्रम. "तिलाही पोर्तुगीज करून टाकतो." करून टाकतो म्हणजे? लग्नाने कोणी आपोआप पोर्तुगीज होत नाही. त्यांच्या १९८१ च्या कायद्यात आहे की लग्नाला तीन वर्षं पूर्ण झाली की जोडीदार स्वतः तसं जाहीर करून नागरिकत्व मागू शकतो. तिने मागायचं, तू नाही. पोर्तुगालशी तिचा काही खरा संबंध आहे का, हेही ते तपासतात आणि आक्षेप घेऊ शकतात. पण त्याच्याही आधी तुमचं लग्न लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात चढलेलं लागतं. चढवलंस? आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला, म्हणून तिथे त्यांची नोंद झाली, मग वडिलांची, मग तुझी. त्यासाठी किती धावलास! जुने दाखले शोधलेस, नावातली अक्षरं दुरुस्त करून घेतलीस, पोर्तुगीज भाषांतरं केलीस, पणजीतल्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाचे खेटे घातलेस. स्वतःची पाळी होती तेव्हा सगळं जमलं. लग्नाचा एक दाखला पाठवायची वेळ आली आणि तुला सवड नाही. लिस्बनच्या दप्तरी तू आजही अविवाहित आहेस. त्या देशाच्या लेखी सूनबाई तुझी कोणीच लागत नाही. याची लाज वाटत नाही?

आणि तिला विचारलंस का? जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे ती. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व जातं. १९५५ च्या कायद्याचं कलम ९. मग तिची नोकरी गेली, मत गेलं, पुढे स्वतःच्या नावाने शेतजमीन विकत घेणंही गेलं. तिला हे हवं असेल, नसेलही. बिनपगारी रजा घेऊन दोन वर्षं तुझ्याकडे राहावं आणि भारतीयच राहावं, असं तिला वाटू शकतं. तिने यंदा बदलीचा अर्ज केला नाही, का ते ठाऊक आहे? तू "पुढच्या वर्षी नक्की" म्हणालास म्हणून. तुझ्या एका शब्दावर ती आपलं आयुष्य बांधते, आणि तू तो शब्द चहा पिता पिता फेकतोस.

"मी दोन्हीकडचा" हे बोलणंही थांबव. तू दोन्हीकडचा नाहीस. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. या चवथीला तू गणपतीपुढे बसलास तो टुरिस्ट व्हिसावर. आपल्या देशाच्या कायद्याने या लग्नातला परदेशी जोडीदार तूच आहेस, ती नव्हे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का काढलं नाहीस? तू पूर्वीचा भारतीय नागरिक, तुला ते स्वतःच्या हक्कावर मिळतं. परदेशी जोडीदारांना लागणारी नोंदणीकृत लग्नाच्या दोन वर्षांची अटही तुला नाही. पण त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो. तो तर तू आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवला आहेस. कशासाठी? उपयोगी पडेल म्हणून? वापरलास तर गुन्हा आहे. गोव्यातल्या कितीतरी जणांचे पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द केले गेले. त्यांची कोंडी झाली. शेवटी २०२४ मध्ये रद्द झाल्याच्या दाखल्यावरही ओसीआयचा अर्ज घ्यायचं ठरलं. म्हणजे ती सबबही उरली नाही. मतदार यादीत अजून नाव आहे ना तुझं? तेही काढून घे. आपणहून, कोणी बोट दाखवायच्या आत.

"सर, कायदे सारखे बदलतात." बदलतात! म्हणून तर आजचा अर्ज आज करायचा असतो. १८,६०० चे २९,००० झाले ते बसून राहिलेल्यांसाठी. लिस्बनचे नियमही बदलत आहेत. तू वाट बघितलीस म्हणून कुठलाच कायदा सोपा होणार नाही.

मान खाली घालू नकोस. मला तुझी मान नको, काम हवं. परत जायच्या आत लग्नाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत काढ, तिच्यावर परदेशात चालणारा अपोस्टिलचा शिक्का मारून घे, पोर्तुगीज भाषांतर करायला दे. पासपोर्ट कपाटातून बाहेर काढ. तिकडे गेल्यावर एकच नोकरी धर आणि सगळा पगार बँकेत घे. त्याच्या आधी आज संध्याकाळची कुडाळची गाडी पकड. तिच्यासमोर बस आणि हे सगळे मार्ग खरे खर्च आणि खऱ्या मुदती सांगून तिच्यापुढे मांड. काय करायचं ते तिला ठरवू दे. ती जे ठरवेल त्याचा अर्ज तू स्वतः भर. अडलास तर माझ्याकडे ये, रात्री दहाला ये, मी पान पान तपासून देईन. पण एजंटाचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस.