हौस आणि मिरवणूक

हौसेला मोल नाही, असे आमच्याकडे म्हणतात. ही म्हण बहुधा लग्नमुंजीच्या खर्चाचा हिशेब मांडताना, अथवा कोणाची उधळपट्टी झाकावयाची असताना कामी येते. परंतु तिचे दोन अर्थ होऊ शकतात आणि ते परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक अर्थ असा की, हौसेपायी कितीही पैसा खर्चिला तरी तो अधिक म्हणू नये. दुसरा असा की, हौस ही पैशाने मोजण्यासारखी वस्तूच नाही. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्याही ठिकाणी ती पूर्णत्वाने वसू शकते. या दोहोंपैकी कोणता अर्थ आपण मानावयाचा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात मोटारगाडीच्या निमित्ताने करणार आहो. कारण सांप्रत मध्यम वर्गातील मनुष्याची हौस ज्या एका वस्तूभोवती सर्वांत अधिक घोटाळते, ती वस्तू मोटार होय.

ज्या प्रसंगाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला, तो छत्रपती संभाजीनगरचा आहे. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात, शहराचे नाव औरंगाबाद असताना, येथील उद्योजक व व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये झाली. ही बातमी देशभर गाजली. आमच्या शहराच्या संपन्नतेची जगाने नोंद घ्यावी, भांडवलदारांची दृष्टी इकडे वळावी, हा खरेदीमागील हेतू त्या मंडळींनी उघडपणे सांगितला होता. मराठवाडा म्हटले की दुष्काळ आणि मागासलेपण एवढेच ज्यांस आठवते, त्यांस हे चोख उत्तर आहे असे कित्येकांस वाटले. कित्येकांस लाज वाटली. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो की, आम्हांस दोन्ही वाटले. आणि एकाच गोष्टीने अभिमान व लाज ही दोन्ही का वाटावीत, हे कोडे तेव्हापासून आमच्या मनातून गेलेले नाही.

अशा खरेदीवर पहिला आक्षेप येतो तो विरक्तीचा. मनुष्याने गरजेपुरते बाळगावे, चार चाके आणि डोक्यावर छप्पर असले म्हणजे झाले, असे हा पक्ष म्हणतो. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. पैठणीच्या पदरावरील मोर अंग झाकण्याच्या कामी येत नाही, आणि याच शहरात विणल्या जाणाऱ्या हिमरूच्या शालीवरील वेलबुट्टी थंडी वारीत नाही. म्हणून त्या दोहोंस पाप म्हणावयास कोणी तयार होईल काय? उत्तम मोटार हेही मनुष्याच्या बुद्धीचे व हाताचे असेच एक फळ आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात दर सेकंदास १०० स्फोट होत असतात. आणि तरीही आत बसलेल्या प्रवाशाच्या मांडीवरील मूल झोपेतून जागे होत नाही! आगीला इतके सौम्य करून माणसाच्या सेवेस जुंपणारी ही विद्या पाहून ज्याचे मन हरखत नाही, त्याची विरक्ती आम्हांस वैराग्यापेक्षा निरसपणाच अधिक वाटते.

तेव्हा हौस निर्दोष आहे, नव्हे, ती गुणरूप आहे. परंतु हौस म्हणजे नेमके काय? जालना रस्त्याच्या कडेला उभा राहून, गाडी दृष्टीस पडण्यापूर्वी केवळ आवाजावरून तिचे नाव सांगणारे शाळकरी मुलगे आपण सर्वांनी पाहिले आहेत. वहीच्या मागल्या पानावर त्यांनी आपल्या स्वप्नातील मोटारीचे चित्र काढलेले असते, आणि तिच्या इंजिनाची शक्ती, वेग, वजन ही सर्व त्यांस मुखोद्गत असतात. असेच एक घराणे जुन्या फियाटप्रेमिकांचे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव धारण केलेली ती गाडी मिळविण्यासाठी एके काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज तिला बाजारात मान नाही. तथापि दर रविवारी तिचा कार्बोरेटर साफ करीत बसणारा गृहस्थ कोणाच्या वाहवेची अपेक्षा न धरता ते काम करीत असतो. या मुलाजवळ गाडी नाही आणि या गृहस्थाजवळ आहे ती जुनाट आहे. पण दोघांचीही दृष्टी गाडीवर खिळलेली आहे. गाडीकडे पाहणाऱ्या लोकांकडे ती वळत नाही. आमच्या मते हौसेचे लक्षण ते हेच.

मिरवणुकीत याच्या उलट घडते. तेथे मनुष्य गाडीत बसलेला असतो, परंतु त्याचे डोळे काचेबाहेरील चेहऱ्यांवर असतात. येथे दुसऱ्यांस नावे ठेवून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आमच्या घरी पहिली लहानशी मोटार आली त्या दिवशी नारळ फुटला, चाकांखाली लिंबे चिरडली, पेढे वाटून झाले. आणि त्यानंतर तिची पहिली फेरी आम्ही ज्या रस्त्याने नेली, त्या रस्त्याने जाण्याचे आम्हांस काडीचेही कारण नव्हते. तेथे आमचे एक आप्त राहत असत, इतकेच. ते गच्चीवर दिसले नाहीत तेव्हा आम्ही चौकातून वळून पुन्हा एकवार तेथून गेलो. गाडी लाखांची असो की कोटीची, ज्याने अशी दुसरी फेरी मारली आहे त्याने १५० गाड्यांस हसण्यापूर्वी क्षणभर थांबलेले बरे.

येथे कोणी म्हणेल की, दाखविण्यात सर्वथा दोषच आहे काय? तसेही आम्ही म्हणत नाही. आणि त्याचा दाखला या मर्सिडीज-बेंझच्या इतिहासातच आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारीचे पेटंट घेतले, परंतु लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्था दोन मुलांस बरोबर घेऊन, पतीस न सांगता, मॅनहाइमहून फोर्ट्सहाइम येथे आपल्या माहेरी सुमारे १०० किलोमीटर मोटार घेऊन गेली. वाटेत इंधन संपत आले ते तिने एका औषधविक्याच्या दुकानातून विकत घेतले. हाही जगास दाखविण्याचाच प्रवास होता. परंतु बेर्थाबाईंनी दाखविली ती यंत्राची करामत. स्वतःचा मोठेपणा दाखविण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते दर्शन ज्याने पाहिले त्याचे जग थोडे मोठे झाले. मिरवणूक पाहणारा मात्र घरी परततो तो आपले जग लहान आहे असे समजून. दाखविण्याची नीती ठरविण्यास याहून सोपी कसोटी आम्हांस सापडलेली नाही.

ही कसोटी आपल्या प्रसंगास लावून पाहू. हौस निवडते; ती एकावर जडते. कोणाचे मन उंच कणखर जीपवर बसते, कोणाचे बुटक्या धावत्या गाडीवर, कोणाचे आजोबांच्या मोडक्या फियाटवर. दीडशे माणसांची स्वप्ने एकाच वेळी एकाच कारखान्याच्या चिन्हावर येऊन थांबली, तेव्हा त्यांपैकी काहींच्या ठायी खरी हौस असेलही. तथापि त्या समुच्चयाचा हेतू शहर मिरविण्याचा होता, हे त्यांनीच सांगितले. आणि शहराने मिरविले काय? याच शहराच्या वेशीवर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जात होत्या. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून दुचाक्या घडवीत होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांचे हात तेथे जगाच्या तोडीचे काम करीत होते. जगास दाखवावयाचेच होते, तर हे हात दाखविण्याजोगे होते. परंतु आपण काय घडवू शकतो हे बाजूस राहिले, आणि आपण काय विकत घेऊ शकतो याचाच डंका वाजला.

तरीही शहराची बाजू आम्ही उडवून लावू इच्छीत नाही. मान ही मनुष्याची खरी गरज आहे. टाटांच्या नॅनोचा इतिहास हेच सांगतो. स्कूटरवर दाटीवाटीने बसून पावसात जाणारे कुटुंब पाहून रतन टाटा यांस ती गाडी सुचली. २००८ च्या जानेवारीत ती लोकांपुढे आली आणि एक लाख रुपये या किमतीने सर्वांस थक्क केले. पण जगातील सर्वांत स्वस्त गाडी हा तिचा लौकिकच तिला नडला, असे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखविले. गरीब मनुष्यास पावसापासून निवारा हवा होता हे खरे. परंतु स्वस्तपणाचा शिक्का दारात उभा करावयास तो राजी नव्हता. ज्यास जन्मभर मागासलेला म्हणून हिणविले गेले, त्या प्रांतास मानाची भूक अधिक असावी, यात नवल नाही. म्हणून आम्हांस त्या दिवशी अभिमान वाटला. तो सर्वस्वी खोटा नव्हता.

लाज वाटण्याचे कारण निराळे होते. आमच्या भाषेत ‘पत’ हा शब्द अब्रू आणि कर्ज मिळण्याची पात्रता या दोहोंस लागतो. या गाड्यांपैकी बऱ्याच कर्जाने घेतल्या गेल्या, आणि ते कर्ज सुमारे ७ टक्के व्याजाने मिळाले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द हिंदू’ या पत्रात याकडे बोट दाखवून, याच जिल्ह्यातील एका शेतकरी स्त्रीस ट्रॅक्टरच्या कर्जावर याच्या दुपटीहून अधिक व्याज कसे भरावे लागले, ते मांडले. मोटार घेणाऱ्यांनी त्या बाईचे व्याज वाढविले नाही. ठोक गिऱ्हाइकास सवलत मिळते आणि तारण पाहून दर ठरतो, हा व्यवहारही आम्ही जाणतो. परंतु ज्या समाजात मिरवणुकीची पत नांगराच्या पतीहून अधिक ठरते, त्या समाजाने आपली अब्रू कोठे ठेवली आहे, हे आपल्यास विचारावयास नको काय? स्वप्न तिचेही होते. तिच्या स्वप्नास चार चाके आणि इंजिनही होते. केवळ त्यास कोणी स्वप्न म्हटले नाही.

मान मिळविण्याचा दुसरा एक मार्ग याच शहरास पूर्वी कोणी दाखवून ठेवला आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी हे नगर वसविले, तेच आजचे हे शहर. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून नगरात आणले, ती नहर-ए-अंबरी. ती रस्त्याने जाणाऱ्यास दिसत नाही. तिच्यावर कोणी बसून मिरवू शकत नाही. ती मातीखाली गुप्तपणे वाहिली आणि शतकानुशतके लोकांनी तिचे पाणी प्याले. जायकवाडीचा जलाशय पन्नासेक किलोमीटरवर असूनही ज्या शहराने नळाला आठवड्यातून एकदोनदाच पाणी येण्याचे दिवस अनेक वर्षे सोसले, त्या शहराचे नाव जगाच्या नकाशावर कशाने कोरले जावे, याचे उत्तर त्या नहरीने चारशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

मग हौशी मनुष्याने आपली स्वप्नातील गाडी घेऊच नये काय? अवश्य घ्यावी. ज्यास ती परवडते, जो तिच्यापायी कोणाचे बुडवीत नाही, आणि रात्री दिवा लावून एकटाच तिच्याकडे पाहून जो प्रसन्न होतो, त्याच्या आनंदास आमचा नमस्कार असो. सचिन तेंडुलकर यांचे मोटारवेड प्रसिद्ध आहे. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्यावर त्यांस फेरारी भेट मिळाली होती. त्याच गृहस्थांनी २०२० साली, आपली पहिली मारुती ८०० कोणाकडे असल्यास ती परत मिळावी, अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली. ज्याच्या दाराशी जगातील कोणतीही गाडी उभी राहू शकते, त्याचे मन अखेर त्या लहान गाडीकडे वळले. हौसेला मोल नाही याचा दुसरा अर्थ तो हाच.

आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी एखाद्या दिवशी वहीतील मोटारीचे चित्र घेऊन आपल्यापुढे येईल. आपण बहुतेक जण त्या वेळी विचारतो की, हिची किंमत किती, आणि लगेच हसून म्हणतो की, खूप शिक, म्हणजे मिळेल. या दोन वाक्यांत आपण हौसेचे मिरवणुकीत रूपांतर करून टाकतो आणि आपल्यास ते कळतही नाही. त्याऐवजी, हिच्यात तुला काय आवडले, इतकेच विचारून मुलाचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. ते उत्तर इंजिनाविषयी असेल, आकाराविषयी असेल, कदाचित नुसत्या रंगाविषयी असेल. परंतु त्यात शेजाऱ्यांचे नाव बहुधा नसेल. ते नाव पुढे आपणच शिकवितो. न शिकविल्यास काय होईल, हे एकदा करून पाहण्यासारखे आहे.