शांत पाणी आणि निरोगी पाणी

रोजच्या धावपळीतून चार दिवस सवड काढून निसर्गाच्या सान्निध्यात जावे, असे आपल्यापैकी प्रत्येकाला वाटते. परत आल्यावर 'फार शांत वाटले हो!' असे सांगून आपण पुन्हा कामाला लागतो. परंतु ही शांतता राखतो कोण, आणि तिचा लाभ घेणारा पाहुणा काही देणे लागतो का?

उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदी पॅसिफिक महासागराला मिळते, तिथे रेक्वा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या लॉजवर आम्ही उभयता दोन दिवस राहिलो. जवळच रेडवूडचे जंगल, समोर धुक्यात हरवलेले नदीचे मुख. गंमत म्हणजे तिथे आवाज पुष्कळ होता. रात्रभर लाटांची गाज, पहाटे सी लायनचा गलका! तरीही मन निवांत झाले.

शांतता म्हणजे आवाज नसणे नव्हे. या नदीवर वरच्या अंगाला विजेसाठी बांधलेली चार धरणे होती. त्यांतल्या एका जलाशयाकाठी लोकांनी हौसेने घरे बांधली होती. दिसायला पाणी संथ, चित्रासारखे. पण उन्हाळ्यात त्यात विषारी नीलहरित शेवाळ माजे आणि 'पाण्याला स्पर्श करू नका' अशा सूचना लावाव्या लागत. खाली मुखाजवळच्या पट्ट्यात सप्टेंबर २००२ मध्ये किमान ३४,००० मासे मेले, त्यांत बहुतेक सॅमन. कोरडे वर्ष, वर शेतीकडे वळवलेले पाणी, उरलेले कोमट. त्यात कल्ल्यांचा संसर्ग झपाट्याने पसरला.

अपघातात अनेक जखमी एकदम आले, तर ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे जा, असे आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवले होते. गप्प असणे म्हणजे बरे असणे नव्हे. भारतातून फोनवर 'इकडे सगळे ठीक आहे' म्हणणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही आपण हे जाणतोच.

नदीकाठच्या युरोक, कारुक आदी मूळ रहिवाशांनी हे ओळखले. सभा, निदर्शने, कोर्टकचेऱ्या असा गलका त्यांनी वर्षानुवर्षे केला. २०१९ मध्ये युरोक जमातीने नदीला कायद्याने व्यक्ती मानले. नदीला माता म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. मात्र आईच्या बाजूने भांडायला ते उभे राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अखेर २०२३-२४ मध्ये चारही धरणे काढली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरहून अधिक वर्षांनी सॅमन पुन्हा वर ओरेगॉनपर्यंत पोहोचले. जलाशयाकाठच्या घरमालकांचे तळे मात्र गेले. त्यांचे दुःखही खोटे नाही. पण एकाच्या खिडकीतल्या देखाव्यापेक्षा नदीचा प्राण मोठा, असे माझे मत आहे.

म्हणून मला वाटते, पाहुणा देणे लागतो. खोलीचे भाडे भरून ते फिटत नाही. निदान एवढी चौकशी करावी : हे पाणी येते कुठून, त्यात काय जगते, त्यासाठी कोण झटले? आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण नुसते 'किती शांत झोपलाय!' म्हणत नाही; आधी नाडी पाहतो. नदीच्या काठीही तेवढे करावे, मग खुशाल आरामखुर्चीत बसावे.